बुडालेल्या जहाजावरची पहिली स्कूबा डाइव्ह: बालीच्या ‘लिबर्टी’ची तयारी घरापासून

तारकर्लीला किंवा गोव्याला एकदा पाण्याखाली डोकावून आलेली मंडळी हमखास विचारतात, की आता बुडालेलं जहाज बघायचं आहे, तर सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं गाव आहे, तिथे ‘लिबर्टी’ नावाचं जहाज आहे, तिथून करा. पण तिकीट काढण्याआधी हा लेख पूर्ण वाचा. निम्मी तयारी घरीच करायची असते, आणि ती राहिली तर तिथे जाऊन नुसती धावपळ होते.

आधी जहाजाबद्दल थोडं. लिबर्टी १९१८ साली अमेरिकेत बांधलेलं मालवाहू जहाज. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन लष्कराच्या वाहतुकीला होतं. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. पोटात रेल्वेचं सामान आणि रबर होतं. एका अमेरिकन आणि एका डच विनाशिकेने त्याला ओढत सिंगराजा बंदराकडे न्यायला घेतलं, पण पाणी फार भरत गेलं, म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. तिथे ते वीसेक वर्षं पडून होतं. १९६३ साली आगुंग ज्वालामुखी जागा झाला. त्या उद्रेकात बालीत हजाराहून जास्त माणसं गेली, आणि त्याच हादऱ्यांनी हे जहाज किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेलं.

ते जिथे घसरलं, ती जागाच नवख्यांसाठी महत्त्वाची. काळ्या वाळूच्या उतारावर, किनाऱ्याला समांतर, एका कुशीवर कललेलं असं ते पडलंय. सव्वाशे मीटरच्या आसपास लांबी. वरचा भाग पाच मीटरवर, खालचा तिसाच्या जवळ. होडी लागत नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं आणि थोडं पोहलं की जहाज समोर येतं. म्हणजे किती खोल जायचं हे जहाज ठरवत नाही, तुम्ही ठरवता. पहिल्या जहाजाला ही मोकळीक फार मोलाची आहे. मात्र ते ठरवायचं कोरड्यावर. पाण्यात समोर जहाज दिसत असताना मन नेहमी ‘अजून थोडं खाली’ असंच म्हणतं.

१. आधी सर्टिफिकेट, मग तिकीट

मालवण किंवा गोव्यात हजार-दोन हजारांत मिळते ती ‘स्कूबा’ म्हणजे ओळखीची डाइव्ह. त्यात प्रशिक्षक तुमची हवेची टाकी धरून तुम्हाला फिरवतो, हवा, खोली सगळं तोच बघतो. अनुभव सुंदर असतो, पण तो परवाना नव्हे. ‘मी स्कूबा केलंय’ एवढ्यावर लिबर्टीला जायचं ठरवू नका. ओळखीची डाइव्ह तिथेही करून देतात, प्रशिक्षकाबरोबर जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत. माझं स्पष्ट मत आहे की पाण्याखालचा पहिला श्वास तिथे घेऊ नये. पहिल्या डाइव्हला सगळं लक्ष स्वतःच्या श्वासावर आणि कानांवर असतं, जहाज दिसतच नाही.

हवा तो ‘ओपन वॉटर’ कोर्स. वाचन, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह, असा तीन-चार दिवसांचा मामला. २०० मीटर पोहता आणि १० मिनिटं तरंगता यायला हवं. हा कोर्स तारकर्लीच्या एमटीडीसीच्या केंद्रात, गोव्यात, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला किंवा अंदमानात स्वराज द्वीपला करता येतो. अंदमानातलं पाणी स्वच्छ, त्यामुळे शिकणं सोपं जातं. पण कोकणातल्या गढूळ पाण्यात शिकलेला माणूस कमी दिसण्याला घाबरत नाही, हेही तितकंच खरं.

ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर. त्यापुढचा ‘ॲडव्हान्स्ड’ कोर्स ३० मीटरपर्यंत नेतो. लिबर्टीसाठी ॲडव्हान्स्ड लागतोच असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, १८ मीटरच्या आत जहाजाचा मोठा भाग व्यवस्थित बघून होतो. उलट ओपन वॉटर झाल्या झाल्या घाईने पुढचा कोर्स उरकण्यापेक्षा मधे साध्या डाइव्ह वाढवा. ग्रँड आयलंडजवळ गोव्याचंही एक बुडालेलं जहाज आहे, ‘सुझीज रेक’ म्हणतात त्याला. उथळ आहे. लोखंडाच्या आसपास शरीर सांभाळायचा सराव तिथे छान होतो.

२. वेळ कधीची धरायची

बालीत साधारण एप्रिल ते नोव्हेंबर कोरडा काळ, डिसेंबर ते मार्च पावसाळा. पावसात ओढ्यांचं पाणी समुद्रात उतरतं, लाटा वाढतात, आणि गोट्यांच्या किनाऱ्यावरून आत शिरणं अवघड होतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी जरा गार असतं, एरवी २७ ते २९ अंश.

आपल्या सोयीने दिवाळीची सुट्टी उत्तम. फक्त एक अडचण ध्यानात ठेवा. आपला किनारा जून ते सप्टेंबर बंद असतो. मे महिन्यात शिकून ऑक्टोबरच्या अखेरीस बालीला पोचलात तर मधे पाच-सहा महिने हातात रेग्युलेटरच (टाकीतली हवा तोंडात देणारं साधन) आलेला नसतो. एवढ्या काळात मास्कमधलं पाणी काढण्यासारख्या साध्या गोष्टीही विसरायला होतात. म्हणून बालीला जाण्याआधी एखाद्या तरणतलावात उजळणी करा, किंवा तिथल्या सेंटरला आधीच कळवून पहिल्या दिवशी उजळणीची डाइव्ह ठेवायला सांगा. यात कमीपणा काही नाही, उलट चांगली सेंटर्स असं विचारणाऱ्यांची कदर करतात.

३. कागदपत्रं आणि डॉक्टर

सोबत ठेवायचं ते असं:

- पासपोर्ट, पोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध, आणि परतीचं तिकीट
- व्हिसा. भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर मिळतो किंवा आधी ऑनलाइन काढता येतो. ३० दिवसांचा, शुल्क ५,००,००० रुपिया
- बालीचा पर्यटक कर, १,५०,००० रुपिया. १४ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे, ऑनलाइन भरून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा
- उतरण्याआधी भरायचा ऑनलाइन जाहीरनामा
- डाइव्हिंगचं कार्ड (फोनमधलं चालतं, पण फोटोही काढून ठेवा) आणि लॉगबुक (केलेल्या डाइव्हच्या नोंदींची वही)
- वैद्यकीय प्रश्नावली, आणि लागल्यास डॉक्टरांची सही
- विम्याची पॉलिसी

यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवर लोक अडकतात. डाइव्ह सेंटर तुमच्यापुढे आरोग्याची प्रश्नावली ठेवतं. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयविकार, मधुमेह, फिट्स वगैरे. एखाद्या प्रश्नाला ‘हो’ आलं की डॉक्टरांच्या सहीशिवाय सेंटर पाण्यात सोडत नाही, आणि सोडू नये. ही प्रश्नावली नेटवर मिळते. घरीच भरून बघा, आणि ‘हो’ येत असेल तर आपल्या डॉक्टरांना दाखवा. तुलांबेनला पोचल्यावर डॉक्टर शोधत फिरण्यात सुट्टीचा दिवस जातो. खोटं ‘नाही’ लिहायचा मोह मात्र कुणीही, कधीही करू नये. तुमच्या जोडीदाराचा जीवही त्या कागदावर अवलंबून असतो.

विम्याचं असं की नेहमीच्या प्रवासविम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, किंवा ‘प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, अमुक मीटरपर्यंत’ अशी अट असते. पॉलिसीतला तो परिच्छेद स्वतः वाचा. डॅनसारख्या (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) संस्था खास डाइव्हर्ससाठी विमा देतात. वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर त्यावरच्या उपचारासाठी दाबयुक्त ऑक्सिजनचं चेंबर डेन्पासरला आहे, आणि तुलांबेनहून तिथवर गाडीने दोन-अडीच तास तरी जातात. खर्च मोठा असतो. तो आपल्या खिशावर पडू नये एवढ्यासाठी ही खटपट.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर तेही घ्या. गंजलेलं लोखंड आहे.

४. सेंटर निवडताना काय विचारायचं

तुलांबेनमध्ये डाइव्ह सेंटर पुष्कळ. दरावरून निवडू नका. मेल किंवा व्हॉट्सॲप करून पुढचे प्रश्न विचारा, उत्तरांवरून माणसं कळतात.

- एका गाइडमागे किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर दुसरीकडे बघा. पहिल्या डाइव्हला दोघांत एक मिळाला तर उत्तम, थोडे जास्त पैसे पडले तरी.
- प्रत्येकाला वेगळा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारं यंत्र) मिळेल का? ‘गाइडकडे आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. तुम्ही त्याच्यापेक्षा दोन मीटर खाली गेलात तर त्याचा कॉम्प्युटर तुमचा हिशेब ठेवत नाही.
- किनाऱ्यावर ऑक्सिजनचा संच आहे का?
- मी शेवटची डाइव्ह कधी केली, असं त्यांनी आपणहून विचारलं का? हा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही, नुसतं वाट बघायची.

दक्षिण बालीतल्या कुटा, सेमिन्याककडून तुलांबेनची एका दिवसाची सहल मिळते. मी ती घेऊ नका म्हणेन. गाडीत अडीच-तीन तास जायला, तितकेच यायला. पोचेपर्यंत दहा वाजतात, आणि त्याच वेळी दक्षिणेकडच्या सगळ्या गाड्या येतात. पाण्याखाली जहाजाभोवती फिन्सची (पायांत चढवायच्या वल्ह्यांची) गर्दी होते, वाळू उठते, आपला गाइड कोणता तेच कळेनासं होतं. तुलांबेनमध्येच दोन-तीन रात्री राहा. गाव लहान आहे, राहायला स्वस्त आहे, आणि पहाटेचं जहाज तुमच्या वाट्याला येतं.

५. सामान

रेग्युलेटर, बीसीडी (हवा भरून तरंगण्याचं जाकीट), टाकी, वजनं सगळं तिथे भाड्याने मिळतं. स्वतःचं न्यावं असं थोडंच. मास्क, कारण चेहऱ्याला बसलेला मास्क दुसऱ्याच्या चेहऱ्याला बसेलच असं नाही. चष्मा असेल तर नंबरची काच बसवून घ्या. जाड तळव्याचे बूट, हे विसरू नका. तुलांबेनचा किनारा वाळूचा नाही, नारळाएवढ्या गोल काळ्या दगडांचा आहे, आणि मागे उघडे फिन्स व बूट हीच जोडी तिथे चालते. पायात मोज्यासारखे बसणारे फिन्स नेलेत तर अनवाणी चालावं लागेल. लहान टॉर्च घ्या, दिवसाही जहाजाच्या सावलीतले रंग त्याशिवाय दिसत नाहीत. पाण्याखालून वर सोडायचा तरंगता फुगा सेंटरकडून मागून घ्या आणि तो कसा सोडायचा ते एकदा करून बघा.

हातमोजे नकोत. हातमोजे असले की माणूस धरतो. ज्याला धरायचं तिथे प्रवाळ असतो, किंवा धरायला दगड वाटलेला विंचूमासा.

६. पहिला दिवस जहाजाचा नाही

पोचल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच किनाऱ्याजवळच्या ‘कोरल गार्डन’वर एक साधी डाइव्ह करा. उथळ आहे, रंगीत आहे, आणि तिथे दोन कामं उरकायची.

पहिलं काम वजनाचं. भाड्याचा वेटसूट नवा, टाकी नवी, म्हणजे घरचा आकडा चालणार नाही. बीसीडीतली हवा पूर्ण काढून, श्वास नेहमीसारखा भरून उभं राहिलं की पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. टाकी भरलेली असताना हे तपासलं तर त्यावर साधारण दोन किलो वाढवा, कारण ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत जाईल तशी हलकी होते. हे चुकलं तर डाइव्हच्या शेवटी, अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून पाच मीटरवर थांबायचं असतं नेमकं तेव्हाच, शरीर वर पळायला लागतं. आणि गरजेपेक्षा जास्त वजन बांधलं तर जहाजावर जाऊन आदळाल.

दुसरं काम हवेच्या मोजणीचं. दहा मीटरच्या आसपास दहा मिनिटं सरळ पोहा, आधी आणि नंतर गेज, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा, बघा. समजा २५० लिटर ओढलीत, टाकी ११ लिटरची, तर गेज साधारण २३ बार (बार म्हणजे दाबाचं एकक) उतरेल. दहा मीटरवर दाब दोन बार, पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट, असतो, म्हणजे पृष्ठभागावरचा तुमचा वापर मिनिटाला साडेबारा लिटर. इतका कमी फार थोड्यांचा असतो. नवख्यांचा २० ते २५ येतो, आणि त्याची लाज वाटून घेऊ नका. आकडा कळणं महत्त्वाचं. पुढचा सगळा बेत त्यावरच उभा आहे.

७. हवेचा हिशेब, कागदावर

हा भाग कंटाळून सोडू नका. बुडालेल्या जहाजावर माणसं अडचणीत येतात ती बहुतेकदा जहाजामुळे नव्हे, गेजकडे बघायचं राहून गेल्यामुळे. समोर इतकं काही असतं की वेळ कळत नाही.

तुमची टाकी ११ लिटरची आणि २०० बारला भरलेली धरू. एकूण हवा २२०० लिटर. तुमचा वापर मिनिटाला २५ लिटर धरू, सुरक्षित बाजूने. १८ मीटरवर दाब २.८ बार, म्हणजे तिथे मिनिटाला ७० लिटर जातात. पाण्याबाहेर ५० बार राखून यायचं, ही सगळ्यांना शिकवलेली गोष्ट. म्हणजे १५० बार, १६५० लिटर. भागिले ७०, साडेतेवीस मिनिटं. पण थांबा, यात वर यायचा वेळ धरलेलाच नाही.

आता वाईटात वाईट प्रसंग धरा. १८ मीटरवर तुमच्या जोडीदाराची हवा संपली आणि तुम्हा दोघांना तुमच्या एकाच टाकीवर वर यायचंय. घाबरलेली दोन माणसं, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, मिळून ६०.

- खाली सावरायला दोन मिनिटं: २ × २.८ × ६० = ३३६ लिटर
- मिनिटाला ९ मीटर वेगाने वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब १.९: २२८ लिटर
- पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला: ३ × १.५ × ६० = २७० लिटर

बेरीज ८३४ लिटर. ११ ने भागा, ७६ बार. म्हणजे १८ मीटरवर असताना गेज ८० ला आलं की तिथून निघालेलंच असायला हवं. ५० हा पाण्याबाहेर पडण्याचा आकडा आहे, खालून निघायचा नाही. ही गल्लत मी सगळ्यात जास्त पाहिली आहे, चांगल्या शिकलेल्या लोकांतही.

यावरून पहिल्या लिबर्टी डाइव्हचा बेत असा बसतो. प्रवाह ज्या दिशेने येतोय त्या दिशेला आधी जायचं, म्हणजे परतताना तो मदत करतो. खोल भाग सुरुवातीला, १६ ते १८ मीटरवर. १२० बारला वळायचं. परत येताना दहा मीटरवर. ८० बारला जहाजाच्या उथळ टोकाशी, पाच-सहा मीटरवर. उरलेला वेळ तिथेच, थांबाही तिथेच. ५० बारसह बाहेर. तुमच्या वापरानुसार हे ३० ते ४० मिनिटांत बसतं. हे आकडे गाइडच्या पाटीवर लिहून घ्या आणि जोडीदाराला तोंडपाठ म्हणायला लावा.

शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनमुळे खाली राहण्याच्या वेळेवर येणारी मर्यादा एका डाइव्हपुरती इथे आड येत नाही. पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटं दिली आहेत, हवा त्याआधीच संपते. पण तोच तक्ता ३० मीटरला फक्त २० मिनिटं देतो, आणि दिवसातली दुसरी-तिसरी डाइव्ह असेल तर कॉम्प्युटर वेळ आणखी कापतो.

८. पहाटे, किनाऱ्यावर

सहाला पाण्याजवळ असा. बालीचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे, शरीराला ते पहाटेचे साडेतीन वाटतील, म्हणून आदल्या रात्री लवकर झोपा आणि दारू नको. थोडं खा, केळं-पाव पुरे. सर्दी असेल तर जाऊ नका. औषध घेऊन नाक मोकळं करून खाली गेलं आणि मधेच औषधाचा असर उतरला तर वर येताना कान-सायनस अडकतात.

तुमची टाकी आधीच किनाऱ्यावर पोचलेली दिसेल. तुलांबेनच्या बायका त्या डोक्यावर घेऊन येतात, कधी दोन-दोन, त्या दगडांवरून, साध्या चपलांनी. त्यांची स्वतःची संघटना आहे आणि गावाला डाइव्हिंगचा पैसा पोचतो तो असाही. त्यांचं काम त्यांना करू द्या, ‘माझं मी उचलतो’ म्हणून पुढे होऊ नका.

सामान चढवल्यावर एकमेकांचं तपासायचं. टाकीची चावी पूर्ण उघडी, बीसीडीत हवा भरते-निघते, वजनाचा पट्टा एका हाताने सुटतो, दोन्ही रेग्युलेटरमधून गेजकडे बघत श्वास. काटा हलला तर चावी अर्धवट आहे. खुणाही इथेच ठरवा. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. हवेचा आकडा बोटांनी कसा सांगायचा हे प्रत्येक गाइडचं वेगळं असतं, तेही विचारून घ्या.

गाइडला आणखी एक गोष्ट शब्दांत सांगून ठेवा: मी आत जाणार नाही. जहाज मोडलेलं आहे, बाजू उघड्या आहेत, ‘इथून आत, तिथून बाहेर’ अशा जागा पुष्कळ दिसतात, आणि गाइड आपुलकीनेच हात करतात. पण डोक्यावर लोखंड आलं की सरळ वर येण्याची वाट बंद होते. तुमचं सगळं शिक्षण त्या उघड्या वाटेवर बेतलेलं आहे. आत शिरण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं, दोरा धरून, हवेचा वेगळा हिशेब ठेवून. ते करा नि मग जा. जहाज कुठे जात नाही.

पाण्यात शिरताना बीसीडी फुगवलेली, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, फिन्स हातात. लाटा बघा. तीन-चार मोठ्या येतात, मग जरा शांत. त्या शांततेत निघा. जोडीदाराचा हात धरून, पाय न उचलता सरकवत. कमरेएवढ्या पाण्यात आल्यावर एकमेकांच्या खांद्याला धरून फिन्स चढवा. पडलात तर उठायची झटापट करू नका, रेग्युलेटर तोंडात आहे, पालथे होऊन पोहायला लागा.

९. जहाजावर

चित्रातलं अख्खं जहाज डोळ्यांसमोर ठेवून आलात तर हिरमोड होईल. लिबर्टी आता फासळ्या, पत्रे आणि प्रवाळ यांचा मोठा ढीग आहे. सेंटरच्या भिंतीवर त्याचा नकाशा असतो, तो आदल्या दिवशी नीट बघा आणि ‘हा नांगराकडचा भाग, ही फळी कोसळलेली, हा मागचा भाग’ असं गाइडकडून समजून घ्या. मग खाली वाकड्या लोखंडातून जहाज जुळत जातं. एका पत्र्याजवळ थांबून टॉर्च मारा. राखाडी वाटणारा तो पत्रा पेटल्यासारखा लाल-केशरी होतो, आणि त्यावर बोटाच्या पेराएवढी गोगलगाय चरताना दिसते. गंजाच्या खालच्या कडेला हवेचे बुडबुडे अडकून आरशासारखे चमकत असतात, आपल्या आधी कुणीतरी सोडलेले.

पहाटे इथे डोक्यावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे असतात. रात्र जहाजाच्या आडोशाला काढतात आणि उजेड झाला की थव्याने बाहेर पडतात. दिसतीलच याची हमी नाही. दिसले तर एका जागी थांबा, पाठलाग करू नका, ते आपणहून जवळून जातात. वाळूकडे वळून बघायला विसरू नका. तिथे बागेतल्या गवतासारखे शेकडो बारीक ईल डोलत असतात, जवळ गेलं की एकेक करून बिळात.

दिशा चुकायची भीती इथे फारशी नाही. उतार जिकडे वर चढतो तिकडे किनारा. गोंधळलात तर उताराला धरून वर या. दर दोन-तीन मिनिटांनी गेज, आणि गेज बघितलं की जोडीदाराचंही विचारा. गाइडच्या वर राहा, खाली नको. गुडघे वाकवून बेडकासारखे पाय मारा, म्हणजे तळाची माती उठत नाही. काही उचलायचं नाही, रिकामा शंखसुद्धा नाही.

बाहेर येताना घाई होते, आणि गुडघे फुटतात ते तेव्हाच. पाणी छातीएवढं असेपर्यंत पोहत या, लाटांकडे एक नजर ठेवून फिन्स काढा, रेग्युलेटर कोरड्यावर येईपर्यंत तोंडातच. तोल गेला तर सरळ चार पायांवर रांगत या. सगळेच येतात.

१०. त्यानंतरचे चोवीस तास

विमानाचं लोकांना माहीत असतं. एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा सलग दिवस केल्या असतील तर किमान १८ तास उड्डाण नाही. मी पूर्ण दिवस मोकळा ठेवा म्हणते, त्यात प्रश्नच उरत नाही.

पण बालीत डोंगरही तेवढाच धोक्याचा. आपल्याकडच्या टूरमध्ये सकाळी डाइव्ह आणि परतताना किंतामणीचा ज्वालामुखी, असा कार्यक्रम सर्रास असतो. किंतामणी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटरवर आहे. महाबळेश्वरपेक्षा उंच. तिथल्याच बातूर ज्वालामुखीच्या शिखरावरचा सूर्योदयाचा ट्रेक तर १७१७ मीटरचा. शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना इतक्या उंचीवर जाणं विमानात बसण्यासारखंच. डोंगर आधी उरका आणि समुद्र नंतर ठेवा, किंवा मधे एक दिवस समुद्रकिनारी आराम करा. सांधे दुखणं, अंगावर चट्टे, हातापायांना मुंग्या, नेहमीपेक्षा वेगळा थकवा, यांतलं काहीही जाणवलं तर ‘दगडांवरून चाललो म्हणून’ असं समजून झोपू नका, सेंटरला कळवा, ऑक्सिजन घ्या आणि विम्याच्या हेल्पलाइनला फोन करा.

परतीची गाडी ठरवताना चालकाला रस्ताही सांगा. उबुदकडे जाताना जवळचा म्हणून काही जण किंतामणीवरून नेतात. तुम्ही आमलापुरावरून, किनाऱ्याच्या रस्त्याने न्यायला सांगा, आणि पैसे ठरवतानाच सांगा.